विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश मिळाला, हॉस्टेलच्या यादीत नाव नाही, सोमवारपासून तासिका. राहायचं कुठे?

रसायन_नांदेड

नमस्कार मंडळी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमएस्सी रसायनशास्त्राला प्रवेश झाला आहे, फीही भरली. वसतिगृहाची पहिली यादी लागली, त्यात नाव नाही. सोमवारी तासिका सुरू होतात आणि आज गुरुवार. पुण्यात नातेवाईक कुणी नाही. राहणं-जेवण मिळून महिन्याला दहा हजारापर्यंत जमेल, डिपॉझिटसाठी घरून आणखी पंधरा हजार मिळतील. म्हणजे सुरुवातीला हातात एकूण पंचवीस.

औंधमधली एक खोली ॲपवर पाहिली. फोटो छान आहेत, भाडं सहा हजार. मालक म्हणतात, "पाच हजार टोकन आत्ता पाठवा, नाहीतर संध्याकाळी दुसऱ्याला देतो." पाठवू का? आणि नाही पाठवले तर कोणत्या भागात शोधू? वर्गातली एक मुलगीही शोधते आहे, तिच्यासाठीही काही सुचवा.

खडकी_कट्टा

पाठवू नका. औंधमध्ये सहा हजारात स्वतंत्र खोली, चकचकीत फोटो आणि "संध्याकाळपर्यंत" हे तिन्ही एकत्र आलं की खोली बहुतेक अस्तित्वातच नसते. पुढची पायरीही ठरलेली असते: "मी सैन्यात आहे, बदली झाली, चावी सोसायटीच्या गेटवर ठेवतो, गेटपाससाठी अमुक रक्कम टाका, ती परत येईल." मग परताव्यासाठी क्यूआर कोड येतो. लक्षात ठेवा, पैसे घ्यायला कधीच क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. कुणाचे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

मालक खरा असेल तर त्याला एवढंच सांगा: उद्या प्रत्यक्ष येतो, खोली बघतो, चालू महिन्याच्या महावितरणच्या बिलाचा फोटो पाठवा. बिलावर नाव आणि पत्ता दोन्ही असतात. खरा मालक कुरकुरत का होईना, पाठवतो. खोटा माणूस तिथेच चिडतो.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. सोमवारी सकाळी तासाला पोचण्यासाठी हवी ती पाठ टेकायला जागा. वर्षभरासाठी हवी ती खोली. पहिली एका दिवसात मिळते, दुसरीला दहा-पंधरा दिवस लागतात. घाईत वर्षाची खोली धरणारा भाड्यात फार फसत नाही, फसतो तो डिपॉझिटमध्ये. भाड्यात हजार रुपये जास्त गेले तर महिन्याने जागा बदलता येते. अडकलेलं डिपॉझिट मात्र तुम्हाला त्या जागेला बांधून ठेवतं.

म्हणून आधी पंधरा दिवस ते महिनाभराची सोय बघा. उतरल्यावर पहिल्या रात्रीसाठी पुणे स्टेशनची रिटायरिंग रूम चालते. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ती ऑनलाइन बुक होते आणि जास्तीत जास्त ४८ तास मिळते. शनिवार-रविवारसाठी खोल्या लवकर भरतात, तेव्हा तिकीट काढल्या काढल्या बघा. तोपर्यंत विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच ओळ टाका: "महिनाभरासाठी कॉट हवी आहे, मुलगा, जेवण मेसमध्ये." "रूम मिळेल का" असं मोघम लिहिलं तर कुणी उत्तर देत नाही. कॉट म्हटलं की ज्याच्या खोलीत एक जागा रिकामी आहे तो लगेच बोलतो, कारण त्यालाही भाडं वाटून घ्यायचं असतं.

गणेशखिंड

भागांचं सांगतो. विद्यापीठ मोठं आहे, तेव्हा आपला विभाग कोणत्या गेटकडून जवळ पडतो ते आधी नकाशावर बघून घ्या. नाहीतर "विद्यापीठापासून पाच मिनिटं" ही पाच मिनिटं मुख्य गेटपर्यंतची असतात आणि आत तेवढंच पुन्हा चालावं लागतं.

तुमच्या बजेटात पहिले बघायचे ते गोखलेनगर, जनवाडी, वडारवाडी आणि दीप बंगला चौकाच्या आसपासच्या गल्ल्या. इथे बैठ्या घरांवर चढवलेले मजले आहेत, वर कॉट बेसिसच्या खोल्या, खाली मालक. एका कॉटला साधारण साडेतीन ते पाच हजार, जेवण वेगळं. अगदी सेनापती बापट रस्त्याला लागून मात्र भाव चढतात. त्या बाजूला खासगी संस्थांची मुलं आहेत आणि पीजीवाल्यांना (पेइंग गेस्ट ठेवणाऱ्यांना) ते ठाऊक आहे.

दुसरा पट्टा खडकी, बोपोडी, औंध रोड. जुनी घरं, भाडं कमी, खडकी बाजार जवळ, मेट्रोही आहे. विद्यार्थ्यांना मेट्रोत ३० टक्के सवलतीचं कार्ड मिळतं, एमएस्सीवाल्यांना लागू आहे का ते विचारून, ओळखपत्र हातात आलं की काढून घ्या.

तिसरा सांगवी, पिंपळे गुरव. औंधच्या पुलापलीकडे गेलं की टू-बीएचके बरंच स्वस्त होतं, चौघांनी मिळून घ्यायला सोयीचं. पण नवी सांगवी आणि जुनी सांगवी यात फरक करा. जुनी सांगवी मुळा आणि पवना या नद्यांच्या बेचक्यात आहे. जुलै-ऑगस्टमध्ये धरणांतून पाणी सोडलं की नदीकाठच्या गल्ल्यांत पाणी शिरतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत खडकवासल्याच्या विसर्गाने काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. नदीकाठी तळमजला कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवर गाळाची आडवी रेघ दिसते का ते बघा, मालक काहीही म्हणो.

पाषाण, सूसरोडला खोल्या चांगल्या आहेत, पण रात्री प्रयोगशाळेतून उशिरा निघालात तर बस विरळ होतात आणि रोज रिक्षा परवडत नाही.

जागा ॲपवर कमी आणि भिंतीवर जास्त मिळतात. गोखलेनगरला उतरून मेसवाले, झेरॉक्सचं दुकान, इस्त्रीवाला या तिघांना विचारा. कुठली कॉट कधी रिकामी झाली ते इस्त्रीवाल्याला मालकाच्या आधी कळतं. विजेच्या खांबावर हाताने लिहिलेले कागद असतात, त्यावर एजंटचा नंबर आहे की मालकाचा, हे पहिल्याच वाक्यात विचारून घ्या. आणि दुपारी एक ते चार फोन करू नका. हा विनोद नाही, म्हाताऱ्या मालकाची झोपमोड केली की खोली गेली.

पेठकर_७

सदाशिव पेठ, नारायण पेठ कुणी कशी सुचवली नाही? कॉटची संख्या शहरात सर्वात जास्त तिथेच. अभ्यासिका, मेस, पुस्तकं, सगळं पायी अंतरावर. मनपा भवनाहून विद्यापीठाकडे, औंधकडे बस सतत असतात.

गणेशखिंड

@पेठकर_७, मुद्दाम टाळली. पेठेतल्या कॉट स्पर्धा परीक्षावाल्यांनी भरलेल्या असतात, त्यांचं वेळापत्रक वेगळं. खोलीत दिवसभर माणसं झोपलेली किंवा वाचत बसलेली, तुम्ही सकाळी आठला आंघोळीला उठलात तरी कुरबूर होते. शिवाय रोज गणेशखिंड रस्त्याच्या कोंडीतून जाणं-येणं. एमए इतिहास-मराठीवाल्याला एक वेळ चालेल, ग्रंथालयं जवळ पडतात. प्रॅक्टिकलवाल्याने जवळ राहावं. गणपतीच्या दहा दिवसांत तर पेठेत सामान हलवायचा विचारसुद्धा करू नये, रस्ते संध्याकाळी बंद असतात.

पेठकर_७

गणपतीत पेठेत राहायला मिळालं की भाडं वसूल होतं, असो. प्रॅक्टिकलचा मुद्दा मान्य.

दस्त_आणि_मुद्रांक

कागदपत्रांबद्दल गोंधळ असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार (आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो) लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. अकरा महिन्यांचा असला तरीही. "अकरा महिन्यांच्या आत नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात चुकीचं आहे, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदणी नसताना वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाला ते खोडून काढावं लागतं. हे मालकाला नम्रपणे सांगितलं की बरेच जण तयार होतात.

खर्च किती? मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते कशावर, तर पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. उदाहरणार्थ, सोळा हजार भाडं, अकरा महिने, पन्नास हजार डिपॉझिट. भाड्याचे १,७६,०००, व्याजाचे सुमारे ४,५८३, एकूण १,८०,५८३. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण साडेचारशे. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, वर थोडं दस्त हाताळणी शुल्क. म्हणजे सरकारी खर्च दोन हजाराच्या आत-बाहेर. घरी येऊन अंगठे घेणारा माणूस स्वतःचे हजार-दीड हजार लावतो. एजंट "ॲग्रीमेंटचे सात हजार" म्हणाला तर त्याच्याकडून सरकारी पावती आणि चलन मागा. खर्च मालक-भाडेकरू अर्धा-अर्धा करतात ही रीत आहे, पण आधी बोलून घ्या.

ऑनलाइन नोंदणीला आधार क्रमांक, अंगठा, वेबकॅमसमोर फोटो आणि दोन साक्षीदार लागतात. आधारला मोबाइल जोडलेला असू द्या. प्रयोगशाळेत रसायनं हाताळून किंवा शेतीकामाने बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही. मग अंगठ्याऐवजी दुसरं बोट लावून बघायचं, हात धुऊन कोरडा करून.

करारात या चार ठिकाणी नजर ठेवा. लॉक-इन, म्हणजे ज्याआधी जागा सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा आहे. नोटीस एक महिन्याची आहे की दोन. डिपॉझिट परत कधी, "जागा सोडतेवेळी" असं लिहिलंय की "तीस दिवसांत". आणि रंगकामाचे पैसे कापण्याचं कलम. शेवटचं बहुतेक मसुद्यांत छापीलच असतं. अकरा महिने राहून पूर्ण घराचा रंग भाडेकरूच्या माथी, हे मान्य करू नका. खोडून "केवळ नुकसानभरपाई, नेहमीच्या वापराने झालेली झीज वगळून" असं घालून घ्या.

कॉट बेसिसला असा करार सहसा कुणी करत नाही, हे खरं. तिथे निदान पावती घ्या. पावती वहीच्या पानावर चालेल, मजकूर असा हवा: "दिनांक अमुक रोजी, अमुक यांच्याकडून, घर क्रमांक अमुक, गल्ली, भाग येथील कॉट क्रमांक अमुकसाठी डिपॉझिट रुपये अमुक मिळाले. १५ दिवसांची नोटीस देऊन जागा सोडल्यास सोडण्याच्या दिवशी पूर्ण परत." खाली मालकाची सही आणि मोबाइल नंबर. पैसे यूपीआयने द्या आणि शेऱ्यात "डिपॉझिट" असा शब्द टाका. नाहीतर वर्षाने ते भाडं होतं.

कर्वेनगर_ताई

मुलीसाठी मी लिहिते. तिला आधी सांग की विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाच्या पुढच्या यादीचा नाद सोडू नकोस. पहिल्या यादीतली काही नावं दुसरीकडे प्रवेश मिळाला म्हणून जातात, काही जणी मुदतीत पैसे भरत नाहीत, त्या जागा खालच्यांना मिळतात. पैसे भरायला दोन-तीन दिवसच देतात, म्हणून ती रक्कम वेगळी काढून ठेवायची आणि वसतिगृह कार्यालयाचा सूचनाफलक रोज डोळ्याखालून घालायचा. संकेतस्थळावर उशिरा चढतं.

मधल्या काळात तिने कर्वेनगर, डेक्कन, मॉडेल कॉलनी, शिवाजीनगर इथली मुलींची खासगी हॉस्टेल्स बघावीत. स्त्री-शिक्षण संस्थांच्या वसतिगृहांत आधी स्वतःच्या महाविद्यालयांच्या मुलींना जागा देतात, तरी जुलैच्या शेवटी विचारायला हरकत नाही. पीजीला जेवणासकट साधारण नऊ ते तेरा हजार पडतात, तिघींच्या खोलीत कमी. वर जीएसटी लावतो असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नये. जुलै २०२४ पासून महिना वीस हजारांपर्यंतच्या आणि सलग ९० दिवस किंवा जास्त राहण्याच्या वसतिगृह निवासाला जीएसटी माफ आहे. तीन महिन्यांच्या आत सोडणार असाल तर प्रश्न वेगळा.

मुलींच्या पीजीत विचारायचे प्रश्न मुलांपेक्षा थोडे वेगळे. गेट किती वाजता बंद होतं, हे सगळ्याच विचारतात. त्यापुढचं विचार: प्रॅक्टिकलमुळे उशीर झाला तर विभागाचं पत्र चालतं का, की प्रत्येक वेळी आई-वडिलांचा फोन लागतो? रात्री गेटवर माणूस असतो का, की कुलूप लावून मालकीण झोपते? कुलूप लावत असतील तर दुसऱ्या कुणाकडे किल्ली आहे हे बघ, आग लागली तर बाहेर कसं पडायचं? कॅमेरे जिन्यात असावेत, खोल्यांच्या पॅसेजमध्ये कुठवर दिसतं ते स्क्रीनवर बघायला मागावं. आणि शक्य झालं तर आत राहणाऱ्या मुलीशी मालकीणबाईंच्या मागे दोन मिनिटं बोलावं. जेवणाबद्दल ती काय तोंड करते तेवढं पुरे.

पहिल्याच भेटीत मूळ कागदपत्रं ठेवून घेणारे असतात. मूळ गुणपत्रिका किंवा मूळ आधार कुणालाही द्यायचं नाही. झेरॉक्स द्यायची, तिच्यावर "केवळ निवासासाठी" लिहून तारीख टाकायची.

रसायन_नांदेड

सगळ्यांचे आभार. औंधच्या "मालकांना" वीजबिल मागितलं, त्यांनी ब्लॉक केलं.

ग्रुपवर दोन पर्याय आलेत. एक, गोखलेनगरला कॉट, ४,००० भाडं, ४,००० डिपॉझिट, मेस खालीच ३,३००. दुसरा, नव्या सांगवीत टू-बीएचके, आम्ही चौघं, २२,००० भाडं, ६०,००० डिपॉझिट, एजंटला एक महिन्याचं भाडं. फ्लॅटमध्ये स्वतंत्रपणे अभ्यास होईल असं वाटतं. काय करू? शिवाय मी अनुसूचित जातीतला आहे, स्वाधार योजनेबद्दल ऐकलं आहे, त्याचा इथे उपयोग होतो का?

साधा_हिशोब

कागदावर मांडा. फ्लॅटमध्ये तुमच्या वाट्याला भाडं ५,५००, डिपॉझिट १५,०००, दलाली ५,५००, कराराचे साडेसातशे. एकूण २६,७५० पहिल्याच दिवशी. यात गादी, बादली, पंखा, इंटरनेटचं अनामत आणि जेवण धरलेलं नाही. तुमच्याकडे पंचवीस आहेत. गोखलेनगरला ४,००० अधिक ४,००० अधिक ३,३००, म्हणजे ११,३००. तेरा-चौदा हजार हातात राहतात, आणि वसतिगृहाच्या दुसऱ्या यादीत नाव आलं तर तिथली फी त्यातून भरता येते. म्हणून आत्ता कॉट. पुढचे दोन महिने फ्लॅटचा विचार नको.

फ्लॅटमध्ये आणखी एक मेख आहे. करार चौघांच्या नावावर झाला की मालकाच्या दृष्टीने २२,००० ही चौघांची मिळून जबाबदारी. त्यातला एक जण ऑक्टोबरात घरी गेला की उरलेल्या तिघांना महिना ७,३०० पडतात, आणि बदली माणूस आणायला मालकाची, बऱ्याचदा सोसायटीचीही मनधरणी करावी लागते. एकाच्याच नावावर करार केला तर उलट गंमत: बाकी तिघांकडे डिपॉझिट दिल्याचा पुरावा नाही आणि नावावरच्या मुलावर सगळा बोजा. म्हणून चौघांची नावं करारात हवीतच आणि आपसात वेगळी चिठ्ठी हवी, कुणाचे किती आणि मध्येच सोडणाऱ्याने बदली माणूस दिल्याशिवाय डिपॉझिट मागायचं नाही.

तरीही फ्लॅटच घ्यायचा असेल तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शोधा. नोटीस महिन्याची असते, त्यामुळे जागा एक तारखेला रिकाम्या होतात आणि २० ते २८ या काळात बाजारात दिसतात. पाच-सहा तारखेला जे उरलेलं असतं ते का उरलं याचा विचार करा. पाणी, सोसायटी किंवा मालक, तिघांपैकी एक कारण निघतं. दलालाला "फ्लॅट दाखवण्याचे" पैसे आधी द्यायचे नाहीत, दलाली करार झाल्यावर.

दस्त_आणि_मुद्रांक

स्वाधारचं मी सांगतो. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना. पुणे शहरासाठी वर्षाला ६०,०००: भोजन भत्ता ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. अनुसूचित जमातीसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमातींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. विचारणाऱ्यांत कुणी त्या गटातले असतील तर त्यांनीही बघावं.

दोन गोष्टी चुकतात. समाजकल्याणच्या वसतिगृहासाठी आधी अर्ज केलेला असावा लागतो. "जागा मिळणारच नाही" म्हणून अर्ज न करणारा स्वाधारलाही मुकतो. दुसरं, भाड्याने राहत असल्याचा पुरावा मागतात. इथेच कॉटवाल्याची वहीतली पावती तोकडी पडू शकते. मालक भाडेचिठ्ठी किंवा करार देईल का, हे डिपॉझिट देण्याआधी विचारा, नंतर नव्हे. समाजकल्याण कार्यालयात नेमका कोणता कागद चालतो तेही आधीच विचारून घ्या. आणि आधारवर पुण्याचा पत्ता करून घेऊ नका. तुम्ही बाहेरगावचे आहात हेच तुमच्या पात्रतेचं मूळ आहे.

पैसे हप्त्यांनी आणि उशिरा येतात, या महिन्याच्या भाड्याची भिस्त त्यावर ठेवू नका.

खडकी_कट्टा

कॉट घ्यायची ठरली असेल तर उद्याच जाऊन बघा. शुक्रवार चांगला दिवस आहे. देखभालीसाठी महापालिका बऱ्याच भागांत गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी सकाळी "उशिरा व कमी दाबाने" येतं. त्या सकाळी अकरापर्यंत नळाला धार असेल तर टाकी पुरेशी आहे. नसेल तर बाथरूममध्ये भरलेली पिंपं मोजा आणि माणसं मोजा. आठ जणांना एक संडास असेल तर सोडून द्या, चार-पाच जणांना एक असेल तर चालवून घेता येतं.

मोबाइलची टॉर्च लावून कॉट उलटी करा. लोखंडी कॉटच्या पायाचा पाइप जिथे आडव्या पट्टीला वेल्ड केलेला असतो, त्या सांध्यात आणि गादीच्या शिवणीत बारीक काळे ठिपके दिसतात का ते बघा. पेनाची शाई झिरपल्यासारखे दिसतात. ते ढेकणांचे. एका कॉटला असले तर खोलीत सगळ्या कॉटला असतात आणि मालकाने फवारणी केली तरी भिंतीतल्या फटींतून परत येतात. भिंतीला हात लावून बघा, जुलैत ओल लपत नाही. कॅलेंडर वेड्यावाकड्या जागी टांगलेलं असेल तर उचलून मागे बघा, बहुतेक पोपडे निघतात. प्रत्येक कॉटला स्वतंत्र प्लग आहे का, कुलूप लागेल असं कपाट आहे का आणि लाइटबिल माणशी ठोक आहे की सबमीटरवर (खोलीच्या वेगळ्या मीटरवर), तेही विचारा. सबमीटर असेल तर आजचं रीडिंग फोटो काढून ठेवा.

मेसचं महिन्याचं कार्ड घेण्याआधी दोन वेळा रोख देऊन जेवा. महिन्याचे पैसे आधी भरले की खाडे कापून मिळत नाहीत, किंवा सलग तीन दिवसांचेच मिळतात. प्रत्येक मेसचा नियम वेगळा. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, त्या जेवणाची सोय बजेटात धरा. खोलीवर चहा-खिचडी करू देत असतील तर पाच किलोचा छोटा सिलिंडर गॅस एजन्सीत ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. मालकाला विचारल्याशिवाय मात्र आणू नका.

रसायन_नांदेड

रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं, रिटायरिंग रूम शनिवार सकाळपर्यंत मिळाली. गोखलेनगरच्या मालकांशी बोललो. भाडेचिठ्ठी देतो म्हणाले, पण नोटीस महिन्याची हवी म्हणतात, पंधरा दिवसांना तयार नाहीत. वसतिगृहाची दुसरी यादी मध्येच लागली तर?

साधा_हिशोब

मग अशी मांडणी करा: "पहिला महिना पूर्ण राहतो, त्याचं भाडं आत्ताच देतो. त्यानंतर महिन्याची नोटीस मान्य. पण विद्यापीठाच्या वसतिगृहात नंबर लागल्याचं पत्र दाखवलं तर नोटीस पंधरा दिवसांची." कारण ठरावीक आणि कागदावर दाखवता येणारं असलं की मालक सहसा ऐकतात. त्यांना भीती असते ती चार दिवसांत मन बदलणाऱ्या मुलाची. नाहीच ऐकलं तर जास्तीत जास्त नुकसान किती, तर अर्ध्या महिन्याचे दोन हजार. वसतिगृहाची जागा मिळाली तर ते पुढच्या महिन्यात भरून निघतात, तेव्हा त्यासाठी ही कॉट सोडू नका. फक्त हे वाक्य पावतीवर लिहून घ्या, आणि नोटीस द्याल तेव्हा तोंडी न देता व्हॉट्सॲपवर तारखेसकट पाठवा.

कर्वेनगर_ताई

आणि वर्गातल्या मुलीला सांग, मॉडेल कॉलनीत बघायला जाताना शनिवारी दुपारी चारनंतर जा. त्या वेळी मुली खोलीवर असतात, बोलायला मिळतं.